कून रॅपिड्सचा एक शेतकरी

शेतकऱ्याचे चरित्र लिहिण्याची वहिवाट आमच्या वाङ्मयात नाही. राजे, सेनापती, संत, कवी आणि अलीकडे कारखानदार यांची चरित्रे आमच्या कपाटांत दाटीने उभी आहेत. शेतकरी मात्र त्यांच्या पानापानांतून सारा भरणारा, लुटला जाणारा, किंवा दुष्काळात गाव सोडून जाणारा एक निनावी समुदाय म्हणून येतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तोही एका वर्गाच्या दैन्याचा ग्रंथ होय. एका माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतची हकीगत नव्हे. कारण उघड आहे. ज्याने पत्रे लिहिली नाहीत, भाषणे केली नाहीत, ज्याची सही खतावर व कर्जरोख्यावर तेवढी सापडते, त्याचे चरित्र कशाच्या आधारे लिहावे? म्हणूनच अमेरिकेच्या मध्यभागातील एका लहानशा गावच्या शेतकऱ्याची कथा आम्हांस मोलाची वाटते. या गृहस्थाने जन्मभर बोलण्याचा कंटाळा केला नाही, पत्रांचे भारे लिहिले, आणि एके दिवशी अर्धे जग ज्याच्या नावाने दचकत असे अशा पुरुषास आपल्या घरी आणून गुरांचा चारा दाखविला. त्याचे नाव रॉझवेल गार्स्ट.

मिसिसिपी व मिसूरी या दोन नद्यांच्या मध्ये आयोवा नावाचे राज्य आहे. हजारो वर्षे पुरुषभर गवत वाढून व कुजून तेथली माती काळीभोर झाली. एकोणिसाव्या शतकात ते गवत नांगराखाली गेले, व त्याच्या जागी मका आला. राजधानी डे मॉइन हिच्या वायव्येस, मिडल रॅकून नदीच्या काठी, कून रॅपिड्स हे हजारभर वस्तीचे गाव आहे. गार्स्ट कुटुंबाचे तेथे मोठे दुकान होते. रॉझवेलचा चुलता वॉरन गार्स्ट हा त्याच दुकानाच्या व्यापारातून राजकारणात गेला, व १९०८ च्या अखेरीस काही आठवडे त्या राज्याचा गव्हर्नर झाला. रॉझवेलचा जन्म १८९८ चा. तो एकाहून अधिक महाविद्यालयांत गेला, पण पदवी घेतल्यावाचून परतला, आणि शेतीला लागला. तेव्हा त्यास शेतकरी म्हणावे की व्यापारी, असा प्रश्न कोणी केल्यास आम्ही उत्तर देण्याची घाई करणार नाही. दुकानदाराच्या घरी वाढलेल्या माणसाने नांगर धरला म्हणजे दोन्ही विद्या एकत्र येतात. गार्स्टच्या आयुष्यात त्या अखेरपर्यंत एकत्र नांदल्या. कधी कधी भांडल्याही.

१९२० नंतरच्या दशकात शेतीचे दिवस फिरले. पहिल्या महायुद्धातील चढे भाव कोसळले, आणि गार्स्ट काही काळ शेती सोडून डे मॉइन शहरात जमिनी व घरे विकण्याच्या धंद्यात शिरला. तेथे त्याची गाठ हेन्री वॉलेस या विलक्षण माणसाशी पडली. वॉलेस हा शेतकऱ्यांच्या एका साप्ताहिकाचा संपादक. पुढे तो अमेरिकेचा शेतीमंत्री व उपराष्ट्राध्यक्ष झाला. पण त्या काळी त्याचे सारे चित्त संकरित मक्यात गुंतले होते, आणि १९२६ साली त्याने असे बियाणे तयार करणारी एक कंपनीही काढली होती. मक्याच्या झाडाच्या शेंड्यास नराचा तुरा असतो, व कणसाच्या टोकास मादीचे रेशीम असते. एकाच वाणाचा त्याच्याशीच पिढ्यान्‌पिढ्या संयोग घडविला की झाड खुरटते. पण अशी दोन खुरटलेली कुळे एकत्र आणली की त्यांची संतती दोघांहूनही जोमदार निघते. त्यासाठी दोन्ही वाण शेजारशेजारच्या ओळींत लावावयाचे आणि एकाचे तुरे परागकण सुटण्यापूर्वी हाताने खुडून टाकावयाचे. हे काम भर उन्हाळ्यात शाळकरी मुलांकडून करवीत. वाचकांनी हा तपशील ध्यानात ठेवावा. अशा मक्याचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर तो जोम उरत नाही. म्हणून शेतकऱ्यास दरसाल नवे बियाणे विकत घ्यावे लागते. वॉलेसच्या कंपनीचे, गार्स्टच्या संपत्तीचे आणि पुढे आलेल्या पुष्कळ गोष्टींचे मूळ या एका गुणात आहे.

१९३० साली गार्स्ट गावी परतला, आणि वॉलेसच्या कंपनीचे बियाणे आपल्या रानात तयार करून विकू लागला. पुढे चार्ल्स थॉमस हा त्याचा भागीदार झाला. वेळ मात्र याहून वाईट निवडता आली नसती. १९३२-३३ च्या हिवाळ्यात आयोवात मक्याचा भाव बुशेलास, म्हणजे सुमारे २५ किलोंस, १० सेंटांवर आला. कोळसा त्याहून महाग पडे, म्हणून लोकांनी शेगडीत मका जाळला. पिकविलेले धान्य विकून कर्जाचे व्याजही फिटेना. १९३२ च्या ऑगस्टमध्ये मायलो रेनो नावाच्या शेतकरी पुढाऱ्याच्या प्रेरणेने आयोवातील शेतकऱ्यांनी रस्ते अडवून दुधाच्या गाड्या उलथून टाकल्या. पुढल्या एप्रिलात ले मार्स या गावी शंभराहून अधिक माणसे न्यायालयात शिरली, जप्तीचे हुकूम देणाऱ्या न्यायाधीशास त्यांनी गावाबाहेर ओढून नेले, आणि त्याच्या गळ्यात दोर अडकविला. न्यायाधीश जिवानिशी वाचला. १८७५ साली आमच्याकडे सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याची आठवण ही हकीगत वाचताना आम्हांस झाल्यावाचून राहिली नाही.

अशा वेळी ज्याच्या खिशात दमडी नाही त्यास महागडे बियाणे कसे विकावे? गार्स्टने काढलेली युक्ती त्याच्या दुकानदारी रक्ताची साक्ष देते. बियाणे तो फुकट देई. एका बाजूस तुमचा जुना वाण पेरा, एका बाजूस माझा पेरा. माझ्या बाजूस जे अधिक पिकेल त्यातील निम्मे मला द्या, असा त्याचा सौदा असे. त्यात शेतकऱ्यास गमवावयाचे काहीच नव्हते. एकदा कापणी झाली की पुढल्या वर्षी वाढीव पिकाचा निम्मा भाग देण्यापेक्षा रोख पैसे मोजणे स्वस्त, हे त्याचे त्यासच कळे. १९३४ व १९३६ ही दोन भयंकर अवर्षणाची वर्षे. त्यांत जुना मका रानात आडवा झाला आणि नवा पुष्कळ ठिकाणी उभा राहिला. १९३३ साली आयोवातील शंभर एकरांत एक एकरही संकरित मका नव्हता. दहा वर्षांच्या आत जवळजवळ दुसरा मका उरला नाही. इतका जुना व्यवसाय इतक्या थोड्या अवधीत इतका बदलल्याची उदाहरणे फार नाहीत. १९६४ नंतर संकरित ज्वारी महाराष्ट्रात आली तेव्हा खेडोपाडी लोक तिला नुसते ‘हायब्रीड’ म्हणू लागले, आणि हायब्रीडच्या भाकरीस चव नाही अशी तक्रार करीत करीत पेरूही लागले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस आयोवातील त्या दशकाची कल्पना सहज येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर दारूगोळ्यासाठी उभारलेल्या कारखान्यांतील नत्र शेतीस मोकळे झाले, आणि गार्स्टला दुसरा ध्यास लागला. मका, मग ओट, मग गवत अशी पिकांची फेरपालट करण्याची जुनी रीत त्यास वेडगळ वाटे. खत द्या आणि वर्षानुवर्षे मक्यावर मकाच घ्या, असे तो ज्यास त्यास सांगे. दाणे काढून उरलेली कणसाची दांडी तोपर्यंत बहुधा जाळून वा फेकून देत. ती भरडून, मळी व युरिया मिसळून त्याने गुरांस चारली, आणि गुरे पोसली गेली. त्याचा भाऊ जोनाथन याने १९६३ साली एक पुस्तक लिहिले; भुकेचे आता कारणच उरले नाही, असा त्याच्या नावाचाच अर्थ होता. या बंधूंची ती श्रद्धा होती. शेगडीत मका जळताना ज्याने पाहिला, आणि त्याच सुमारास शहरांत भाकरीसाठी लागलेल्या रांगा ज्याच्या कानी आल्या, त्यास जगाचा रोग उत्पन्नाचा नसून वाटपाचा व अज्ञानाचा आहे असे वाटावे यात नवल नाही. १९३३ साली वॉलेसच्या शेतीखात्याने भाव सावरण्यासाठी सुमारे ६० लाख डुकरांची पिले मारविली होती. त्या उपायाची शिसारी अमेरिकेस पुढे कित्येक वर्षे गेली नाही. गार्स्टने त्यातून एक निष्कर्ष काढला: धान्य अधिक झाले असेल तर ते नष्ट करू नये, भुकेल्यांस विकावे. भुकेला मनुष्य धोकादायक असतो, असे तो म्हणे.

येथून त्याच्या आयुष्यातील विलक्षण अध्याय सुरू होतो. १९५५ च्या आरंभी सोव्हिएत रशियाचा पुढारी निकिता ख्रुश्चॉव्ह याने अमेरिकेप्रमाणे मका पिकवून गुरे पोसण्याची भाषा काढली. त्यावर १० फेब्रुवारी १९५५ रोजी डे मॉइनच्या वृत्तपत्रात लॉरेन सॉथ या संपादकाने लिहिले की, रशियनांनी खुशाल आयोवात यावे. आम्ही त्यांस सर्व काही दाखवू. शीतयुद्ध ऐन भरात असता हे लिहिणे धाडसाचे होते, व त्या लेखास पुढल्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. खरे आश्चर्य असे की रशियनांनी ते आमंत्रण स्वीकारले. उन्हाळ्यात मात्स्केविच या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली बारा जणांचे मंडळ आयोवात आले. त्यांच्या कार्यक्रमात गार्स्टचे शेत नव्हते. म्हणून गार्स्ट स्वतःच मात्स्केविचला गाठावयास गेला, आणि त्यास आपल्या रानात घेऊन आला. त्याच शरदात तो रशियास गेला, काळ्या समुद्राच्या काठी ख्रुश्चॉव्हला भेटला, आणि ५,००० टन संकरित बियाण्याचा सौदा करून परतला. याच ख्रुश्चॉव्हला नोव्हेंबर १९५५ मध्ये, म्हणजे त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, मुंबईकरांनी पाहिले. त्याच्या डोक्यात तेव्हा मका ताजा होता, हे कोणास ठाऊक असणार?

त्या भेटीतील एक प्रसंग गार्स्टच्या तोंडून प्रसिद्ध झाला आहे. त्याने ख्रुश्चॉव्हला विचारले की, अणुबॉम्बचे रहस्य तुम्ही पाहता पाहता चोरून नेलेत, आणि आमची शेती तर उघड्यावर आहे. तिची माहिती तुम्हांस इतकी कमी कशी? ख्रुश्चॉव्ह उत्तरला की, बॉम्ब तुम्ही कुलपात ठेवला म्हणून तो चोरावा लागला. शेतीची माहिती तुम्ही फुकट देऊ केलीत, तेव्हा तिची किंमतही तेवढीच असेल असे आम्हांस वाटले. दोघेही खेड्यात रुळलेले, दोघेही मोठ्याने बोलणारे, दोघांसही विनोदाचे व रागाचे अंग सारखेच. त्यांचे जमले याचे कारण तत्त्वज्ञानात शोधू नये. शत्रूस बियाणे विकणारा म्हणून गार्स्टची निंदा करणारे त्याच्या देशात थोडे नव्हते. आपण पैशासाठी जातो हेही त्याने कधी लपविले नाही. आमच्या मते त्यामुळेच त्याच्या शांततेच्या गोष्टी विश्वसनीय वाटतात. ज्याच्या पदरात काही पडत नाही असा शांतिदूत फार काळ टिकत नाही.

१९५९ च्या आरंभी गार्स्ट व त्याची पत्नी एलिझाबेथबाई पुन्हा रशियास गेली, आणि त्यांनी ख्रुश्चॉव्हला आपल्या घरी येण्याचे निमंत्रण दिले. २३ सप्टेंबर १९५९ रोजी तो खरोखरच आला. कून रॅपिड्सच्या रस्त्यांवर सैनिक उभे राहिले. गावाच्या वस्तीच्या मानाने अफाट अशी वार्ताहरांची फौज शेतात लोटली. एलिझाबेथबाईंनी घराबाहेरील मांडवात जेवणाची व्यवस्था केली होती, व पंक्तीस दोन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविलेले ॲडले स्टीव्हन्सनही होते. गार्स्टला पाहुण्यास गुरांचा चारा, मुरघास, मक्याचे पीक हे सारे शांतपणे दाखवावयाचे होते. पण छायाचित्रकारांनी दोघांस असे घेरले की पुढे पाऊल टाकता येईना. तेव्हा गार्स्टचा तोल गेला. त्याने मुरघासाच्या ओंजळी भरभरून वार्ताहरांवर फेकण्यास सुरुवात केली, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा हॅरिसन सॅलिस्बरी सापडला त्याच्या नडगीवर लाथ हाणली. ख्रुश्चॉव्ह हसत होता. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांत मुरघास फेकणारा शेतकरी झळकला; त्यास जे दाखवावयाचे होते ते फारच थोड्यांनी पाहिले. तरीही दोन दिवसांनी कॅम्प डेव्हिड येथे आयझेनहॉवरपुढे बसलेला ख्रुश्चॉव्ह अमेरिकेतील एक सामान्य घर, एक गृहिणी व एक गोठा पाहून आला होता, ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येत नाही. पुढल्या वर्षी १ मे रोजी अमेरिकेचे हेरगिरीचे विमान रशियात पडले, आणि ती सलगी संपली.

आता मक्याचे काय झाले ते सांगणे प्राप्त आहे. रशियात १९५४ साली सुमारे ४३ लाख हेक्टरांवर असलेला मका हुकमाने वाढत वाढत १९६२ साली ३ कोटी ७० लाख हेक्टरांवर गेला. आयोवाचा उन्हाळा उष्ण व दमट, आणि रशियाचा पुष्कळसा मुलूख थंड किंवा कोरडा. हे अंतर हुकमाने तुटत नाही. खत नाही, यंत्रे नाहीत, वेळेवर पेरणी नाही. एका सामुदायिक शेतावर खत न देता मका पेरीत असलेले पाहून गार्स्ट जागच्या जागी कसा संतापला, याची आठवण ख्रुश्चॉव्हनेच मागाहून सांगितली आहे. गार्स्टने आपल्या तंत्राचे सर्व भाग सांगितले होते. ऐकणाऱ्याने त्यांतील एकच उचलला. १९६३ साली पीक बुडाले, रशियास परदेशातून धान्य विकत घ्यावे लागले, आणि १९६४ च्या ऑक्टोबरात ख्रुश्चॉव्ह पदच्युत झाला. लोक त्यास मागून ‘मकेवाला’ म्हणत. तथापि येथे गार्स्टकडे काहीच दोष येत नाही असे आम्हांस म्हणवत नाही. पुराव्यादाखल दाखविलेले एक उत्तम शेत आणि एक संपूर्ण देश यांतील फरक विकणाऱ्याने तरी विसरू नये. आणि तो विकणारा होता.

त्याच्या स्वतःच्या मुलुखातही एक हिशेब चालू होता. मिनेसोटाचा अर्थशास्त्रज्ञ विलर्ड कॉक्रेन याने १९५८ साली तो नेमका मांडला. नवे बियाणे वा खत जो पहिल्याने वापरतो त्यास नफा होतो; मग सर्वच वापरतात, धान्य वाढते, भाव पडतो; आता नवे तंत्र नफ्यासाठी नव्हे तर केवळ जगण्यासाठी घ्यावे लागते; आणि जो मागे राहतो त्याची जमीन पहिल्याच्या हाती जाते. हे रहाटगाडगे अखंड फिरत राहते. १९३५ साली आयोवात सुमारे २ लाख २२ हजार शेतकरी कुटुंबांच्या शेती होत्या. २०२२ च्या गणतीत त्या सुमारे ८७ हजार उरल्या. गार्स्ट नेहमीच पहिल्यांपैकी होता. फुकट बियाणे देऊन ज्या शेजाऱ्यांची त्याने १९३० नंतर मने जिंकली, त्यांतील कितींच्या नातवंडांकडे आज जमीन आहे, हा प्रश्न त्याच्या चरित्रात घालावयाचा की वगळावयाचा? आम्ही तो घालतो. पण ज्या वर्षी गळ्यात दोर अडकविण्यापर्यंत पाळी आली होती, त्या वर्षी त्याच शेजाऱ्यांपुढे दुसरा कोणता मार्ग होता, हेही विचारल्यावाचून आम्ही त्यास दोषी ठरविणार नाही.

१९७२ साली रशियाने अमेरिकेकडून प्रचंड प्रमाणात धान्य विकत घेतले, भाव भडकले, आणि कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा असा उपदेश अमेरिकेच्या शेतीमंत्र्यानेच केला. सतरा वर्षांपूर्वी ज्या व्यवहारासाठी गार्स्ट एकटा धडपडला, तो आता सरकारी धोरण झाला होता. हे पाहावयास तो होता. ५ नोव्हेंबर १९७७ रोजी त्याचा अंत झाला, वय ७९. ख्रुश्चॉव्ह त्याच्या सहा वर्षे आधी गेला होता.

मरण त्याने वेळेवर गाठले असे म्हणणे निष्ठुर वाटेल, पण ते खरे आहे. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानच्या प्रकरणावरून राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी रशियास धान्य विकण्यास बंदी केली. पाठोपाठ व्याजाचे दर चढले, जमिनीच्या किमती कोसळल्या, आणि मक्याच्या साऱ्या प्रदेशात १९३३ ची आठवण करून देणारे लिलाव सुरू झाले. काही शेतकऱ्यांनी जीवही दिले. गार्स्टच्या बियाण्याचा धंदा त्याच दशकात एका ब्रिटिश रासायनिक कंपनीच्या ताब्यात गेला. वॉलेसची कंपनी पुढे १९९९ साली ड्यूपाँटने घेतली. नत्राचेही तसेच झाले. रॅकून नदीचे पाणी डे मॉइन शहर पिते; शेतांतून वाहून येणारा नायट्रेट काढण्यासाठी त्या शहरास १९९० च्या दशकाच्या आरंभी मोठे यंत्र बसवावे लागले. २०१५ साली शहराच्या पाणीखात्याने वरच्या बाजूच्या तीन परगण्यांतील निचरा मंडळांवर दावा लावला, व २०१७ साली तो फेटाळला गेला. कुटुंबाने मात्र आपल्या जमिनीचा मोठा भाग एका निसर्गरक्षक संस्थेस दिला. जेथे मक्यावर मका घ्यावयाचा तेथे नदीकाठी आता पुन्हा मुळचे गवत वाढू दिले आहे.

गार्स्टचे घर अजून उभे आहे, आणि २००९ साली त्या शेतवाडीची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंत झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ख्रुश्चॉव्हच्या भेटीस पन्नास वर्षे झाल्याचा समारंभ गावाने केला. त्यास ख्रुश्चॉव्हचा मुलगा सर्गेई आला होता. तो क्षेपणास्त्रांचा इंजिनीयर. दहा वर्षांपूर्वीच अमेरिकेचा नागरिक झालेला.